आधी कोठी, मग आरसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. भिशीचा हिशेब वाचून दाखवणे हेच माझे आजवरचे भाषण. त्यातून शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा ‘धंद्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे’ या विषयावर मी बोलणार, असे फळ्यावर वाचून पुष्कळजणींना हसू आले असेल. मलाही आले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “तुमच्या घरी घडले तेच सांगा.” म्हणून तेवढेच सांगते.

आमचा कांदा-लसूण मसाल्याचा लहानसा कारखाना आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. घरामागे पत्र्याची शेड, दोन कांडप यंत्रे आणि सहा बाया कामाला. विक्री ह्यांच्याकडे, बँक आणि जी.एस.टी. धाकट्या भाऊजींकडे आणि कोठी माझ्याकडे. फाल्गुन-चैत्रात मिरची भरायची. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटपणाला लवंगी. मग धने, खोबरे, तीळ आणि गरम मसाला. ही बेगमी वर्षभर पुरवायची. सासूबाई हा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवीत, मी वहीत ठेवू लागले.

२०२४ च्या नवरात्रात एका घाऊक दुकानदाराची ३०० किलो मसाल्याची मागणी आली. वहीप्रमाणे कोठीत खोबरे होते ६० किलो. पोती उघडली तर भरले ३८, आणि त्यांतही ११ किलो खवट! त्या दिवसांत खोबऱ्याचा भाव कसा चढत होता, ते आपण सर्वजणी जाणता. चढ्या भावाने माल आणला, तरी कबूल केलेला दिवस टळला. दुकानदाराने आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. पण पुढच्या वेळी त्याचा फोनही आला नाही.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, आता वहीने भागणार नाही, सॉफ्टवेअर घेऊ.” त्यांनी दोन ठिकाणची माणसे बोलावली.

पहिल्याने दाखवले ते माहितीचे विश्लेषण करणारे. डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणतात ते. पॉवर बी.आय., टॅब्लो ही त्यातलीच नावे. बिले, वह्यांचे तक्ते, बँकेची पाने असे सारे एकत्र करून ते रंगीत आलेख काढते. कोणत्या गावी काय खपले, कोणाची उधारी किती, सारे एका पडद्यावर. भाऊजी खूष झाले.

दुसऱ्याचे होते कारखान्याच्या साठ्याचे. दिसायला अगदी रूक्ष. नुसत्या नावांच्या ओळी. त्याने मला विचारले, “काकू, एका घाण्याला काय काय आणि किती लागते?” मी माप सांगितले, ते त्याने भरून घेतले. कारखान्यात याला बिल ऑफ मटेरियल म्हणतात. एक घाणा तयार झाल्याची नोंद केली, की मिरची, खोबरे, धने आपापल्या मापाने साठ्यातून वजा होतात आणि तयार मसाला जमा होतो. कोणता जिन्नस ठरवलेल्या पातळीखाली गेला, कोणत्या मालाची मुदत जवळ आली, तेही ते सांगते.

मी पहिल्या गृहस्थाला एकच प्रश्न केला, “दादा, तुमच्या चित्रात आमचे खोबरे किती दिसते?”

तो म्हणाला, “साठ.”

“का?”

“तुमच्या वहीत साठच आहे ना!”

त्याचे काही चुकले नव्हते. आरसा समोर जे उभे असेल तेच दाखवणार. पण ३८ किलोचे ६० दाखवणारे चित्र कितीही देखणे असले, तरी त्याने पोते भरत नाही.

घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी हे म्हणाले, “पैसे कोणालाच देऊ नका. आधी महिनाभर कोठीतून जे बाहेर जाईल ते तोलून लिहा. तूट कुठे आहे ते तरी कळेल.”

भगिनींनो, तो महिना मला फार शिकवून गेला. पहिली गोष्ट अशी, की देठासकट २० किलो मिरची घेतली, ती निवडून वाळवली की साडेसतराच्या आसपास भरे. वहीत मात्र मी २० जमा आणि साडेसतरा खर्च लिहीत असे. म्हणजे दर खेपेला अडीच किलो मिरची नुसती कागदावर शिल्लक! दुसरी गोष्ट, नवी पोती पुढे आणि जुनी मागे. हाताला येईल ते पोते आम्ही फोडत होतो. खोबरे खवट झाले ते त्यामुळे.

आणि तिसरी गोष्ट सांगताना आजही जीभ अडखळते. शेजारणीला वाटीभर खोबरे, नणंद माहेराहून निघाली की किलोभर मसाला, घरातल्या आमटीला मूठभर. लेकीबाळींना रिकाम्या हाताने कसे पाठवायचे? पण यातले एकही वहीत नव्हते. महिन्याअखेर बेरीज केली, तर खोबरे ३ किलो आणि मसाला ७ किलो. त्या रात्री मला जेवण गेले नाही. कारण नवरात्रापासून मी कामावरच्या बायांच्या पिशव्यांकडे संशयाने पाहत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसवले, वही मोठ्याने वाचून दाखवली आणि हात जोडले. त्यांच्यातली वयाने मोठी बाई एवढेच म्हणाली, “आम्हांला कळत होतं, बाई.”

त्यानंतर आम्ही साठ्याचेच काम आधी करायचे ठरवले. गंमत अशी, की जी.एस.टी.साठी आमच्याकडे टॅली होतेच. त्यात माप, घाण्यांचे क्रमांक, मुदत आणि किमान साठा यांची सोय आहे. आम्ही तो कप्पा कधी उघडलाच नव्हता! तेव्हा नवे विकत घेण्याआधी घरात काय आहे ते पाहावे. आता कोठीच्या दारात वजनकाटा आणि पाटी आहे. आमच्याकडची बारावी झालेली मुलगी संध्याकाळी पाटीवरचे संगणकावर चढवते. पाकिटावर घाण्याचा क्रमांक घालणे कायद्याने लागतेच. तोच तिथे लिहितो, म्हणजे तक्रार आली तर माल कोणत्या दिवसाचा ते सापडते. नणंदेला मसाला आजही देते, पण ‘घरखर्च’ म्हणून लिहून.

ज्यांना असे काही घ्यायचे असेल त्यांनी स्वतःला दोन-तीन प्रश्न विचारावेत. माझे दुखणे माल कमी पडण्याचे, सडण्याचे आहे, की माल चोख असून नफा कुठे जातो ते न कळण्याचे? पहिले असेल तर साठ्याचे घ्या. दुसरे असेल, शाखा चार असतील आणि माहिती दहा ठिकाणी पसरली असेल, तर विश्लेषणाचे घ्या. रोजची नोंद कोण करणार? तिला ते जमेल का? आणि विकणाऱ्याला सांगा, “तुमचा नमुना नको, माझ्याच एका घाण्याचा हिशेब करून दाखवा.”

भाऊजींचा हट्टही वाया गेला नाही, हे सांगितलेच पाहिजे. वर्षभराच्या खऱ्या नोंदी जमल्यावर २०२५ च्या अखेरीस त्यांनी पॉवर बी.आय.ची संगणकावर फुकट मिळणारी आवृत्ती घेतली आणि आलेख काढले. तेव्हा कळले, की लहान पाकिटे सर्वांत जास्त खपतात, पण पाकीटबंदीची मजुरी धरता त्यांत उरते थोडेच. हे माझ्या कोठीला कधीच कळले नसते. आरसा हवाच, फक्त वेणीफणी झाल्यावर.

तो घाऊक दुकानदार अजून परत आलेला नाही. पण आता कोणी विचारले, “खोबरे किती आहे?” तर मी पोते न उघडता सांगते, आणि पोते उघडल्यावर तेवढेच निघते. सातवी शिकलेल्या बाईला याहून मोठे समाधान कोणते?

हिशेबाखाली लिहितात तेच म्हणून थांबते : चूकभूल द्यावी घ्यावी.