भाड्याचं घर घेताना

जूनच्या तोंडावर जळगाव-धुळ्यात भाड्याच्या घरांची शोधाशोध सुरू होते. कुणाचं कॉलेज असतं, कुणाची बदली झालेली असते. घर बघताना भाड्याच्या आधी दोन गोष्टी विचारा. नळाला पाणी किती दिवसांनी येतं? आणि घर अगदी गच्चीच्या खाली आहे का? खान्देशचं ऊन ४५ अंशांकडे जातं; गच्चीखालची खोली मध्यरात्रीही निवत नाही. स्वस्त मिळाली तरी लहान मुलं, म्हातारी माणसं असलेल्या घरानं ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कागदाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात. डिपॉझिट किती आणि परत कधी, हेही करारात लिहून घ्या. ही नोंदणी आता आधारच्या साहाय्यानं ऑनलाइनही होते. तेव्हा सामान हलवण्याआधी नोंदवलेल्या कराराची प्रत मागून घ्या.