न विझणारा इंजिनाचा दिवा

मोटारीच्या डॅशबोर्डवरील इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्कॅनरने नोंद पुसूनही पुन्हा पुन्हा लागत असेल, तर संशय बहुधा ऑक्सिजन सेन्सरवर, म्हणजे निकासवायूत उरलेला प्राणवायू मोजणाऱ्या संवेदकावर, घेतला जातो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा मिळाली की ज्वलन समतोल होते. पेट्रोल अधिक झाल्यास झिर्कोनियाच्या प्रचलित सेन्सरचा विद्युत्दाब ०.९ व्होल्टकडे चढतो, हवा अधिक झाल्यास ०.१ व्होल्टकडे उतरतो आणि सेन्सर निरोगी असेल तर ही चढउतार सतत चालू राहते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज तो नीट काम करीत नाही, म्हणून त्याच्या पोटात विजेचा हीटर असतो. स्कॅनरवर दिसणाऱ्या पी ०१३५ या बिघाड-संकेतांकाचा रोख या हीटरच्या मंडलाकडे असल्याने महागडा सेन्सर बदलण्यापूर्वी फ्यूज, जोडणीतील गंज आणि उष्णतेने वितळलेले तारेचे आवरण तपासणे शहाणपणाचे ठरते. पी ०१७१ हा संकेतांक मात्र मिश्रणात हवा अधिक असल्याचे सांगतो आणि ती अनेकदा सेन्सरने प्रामाणिकपणे दिलेली वार्ता असते. तरीही सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला बारीक चीर गेली असल्यास बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो आणि इंजिनाचा संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. थंड इंजिन चालू करताच नळीच्या जोडापाशी येणारा टकटक आवाज आणि काजळीचा काळा पट्टा ही अशा गळतीची खूण होय.