पार्सलवरचा पत्ता



धानाची कापणी उरकली आहे. गावोगावी मंडई भरते आहे, रात्री नाटकं रंगताहेत. अशा दिवसांत ‘ऑनलाइन खरेदी आणि कर’ हा विषय ऐकायला कोण येणार, अशी शंका मी संयोजकांना बोलून दाखवली होती. ते म्हणाले, “सर, माणूस मंडईतून घरी पोचेस्तोवर दारात पार्सल येऊन पडलेलं असतं. विषय घरोघरचा आहे.”

त्याचा अनुभव मला दोनच दिवसांत आला. शेजारच्या काकूंनी मोबाइलवरून मिक्सर मागवला. मिक्सरसोबत आलेलं बिल घेऊन त्या माझ्याकडे आल्या. “सर, मी पैसे दिले दोन हजार तीनशे साठ. बिलात मिक्सरची किंमत लिहिली दोन हजार. हे तीनशे साठ वरून घेतले का?”

आजचं व्याख्यान म्हणजे काकूंना दिलेलं उत्तरच आहे, फक्त जरा लांबवलेलं.

ते तीनशे साठ वरून घेतलेले नाहीत, किमतीच्या आतलेच आहेत. आपल्या देशात पाकीटबंद वस्तूवर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते आणि २०१८ पासून ती संकेतस्थळावरही दाखवावी लागते. त्यामुळे आपल्याला कर वेगळा दिसत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना विचारा. तिथे फळीवर १०० डॉलर लिहिलेलं असतं आणि बहुतेक राज्यांत कर गल्ल्यावर चढतो. आपल्याकडे तो आधीच पोटात असतो, म्हणून बिलावरच उलटा हिशेब करावा लागतो. मिक्सरवर १८ टक्के कर. दोन हजारांचे १८ टक्के म्हणजे ३६०. पुष्कळांची चूक अशी होते की ते २,३६० चे १८ टक्के काढतात आणि दुकानदाराशी भांडतात.

काकूंचा दुसरा प्रश्न होता, “आणि हे ‘आयजीएसटी’ काय आहे? आपल्या बाजारातल्या बिलावर तर दोन ओळी असतात.” बरोबर. गोंदियाच्या दुकानातून घेतलं तर ९ टक्के केंद्राचे आणि ९ टक्के राज्याचे, अशा दोन ओळी. काकूंचा मिक्सर बंगळूरहून निघाला होता. माल एका राज्यातून दुसऱ्यात गेला की दोन्ही मिळून १८ टक्क्यांची एकच ओळ, तीच आयजीएसटी. खिशातून जाणारी रक्कम तेवढीच राहते. मग फरक कशात आहे? पैसा कोणाच्या तिजोरीत जातो, यात.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याच्या आधी राज्याराज्यांचा व्हॅट होता. महाराष्ट्रात तो १ एप्रिल २००५ ला आला. कर्नाटकातल्या विक्रेत्याने गोंदियाच्या गिऱ्हाइकाला माल धाडला, तर १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याखाली कर लागायचा. पण तो वसूल करून ठेवायचं कर्नाटक. म्हणजे पैसे कमावले धानाच्या बांधीत आणि त्यातला कर जमा झाला बंगळुरात. शिवाय प्रत्येक राज्याचा दर निराळा, त्यामुळे एकच मोबाइल एका राज्यातून स्वस्त पडे, दुसऱ्यातून महाग.

ज्या राज्यांत कारखाने आणि गोदामं कमी अन् गिऱ्हाइकं जास्त, त्यांना हे झोंबणारच. आपल्या शेजारचंच घ्या. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये ऑनलाइन मागवलेल्या मालावर ६ टक्के प्रवेशकर लावला. तिथलं बालाघाट गोंदियाहून चाळीसेक किलोमीटर. आपल्याकडून तिकडे दिलेल्या लेकीने मागवलेल्या वस्तूवर तो बोजा आला, पार्सल एकाच कंपनीचं असलं तरी. अमेरिकेतही हाच झगडा चालला होता. विक्रेत्याचं राज्यात दुकान वा गोदाम नसेल तर राज्याने त्याला कर गोळा करायला लावू नये, असा तिथला १९९२ चा निकाल होता. गिऱ्हाइकाने तो कर आपणहून भरावा अशी अपेक्षा होती. किती जण भरत असतील ते तुम्हीच समजा. २१ जून २०१८ ला साउथ डकोटा राज्याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि परराज्यातल्या ऑनलाइन विक्रेत्यांकडूनही कर मिळू लागला.

आपल्याकडे ही गाठ जीएसटीने वर्षभर आधीच सोडवली होती. प्रवेशकर गेला आणि कर पत्त्यामागे चालू लागला. पार्सल जिथे पोचतं, त्या राज्याचा हक्क. काकूंच्या ३६० पैकी १८० केंद्राचे आणि १८० महाराष्ट्राचे. कर्नाटकाला त्यातून राज्याचा वाटा नाही.

इथे आपले दुकानदार बंधू बसलेले आहेत. त्यांची तक्रार मी नेहमी ऐकतो, की ऑनलाइनवाले कर बुडवतात म्हणून स्वस्त देतात. तसं नाही. दर दोघांना एकच. उलट ऑनलाइन मंचाला विक्रेत्याच्या रकमेतून काही भाग करापोटी आधीच कापून सरकारकडे भरावा लागतो; १ ऑक्टोबर २०१८ पासून तो १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. त्यांची स्वस्ताई येते ती ठोक खरेदीतून आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठी दिलेल्या सवलतीतून. आणि गिऱ्हाइकांनाही सांगतो. “पक्कं बिल पाहिजे की असंच देऊ?” या प्रश्नाला आपण “असंच द्या” म्हणतो, तेव्हा चार पैसे वाचतात खरे, पण मोटर जळाली की वॉरंटीसाठी हातात कागद नसतो.

मात्र प्रत्येक दुकानदाराने बिलावर कर दाखवलाच पाहिजे असंही नाही. कंपोझिशन योजनेतला छोटा व्यापारी गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही, तसं त्याच्या बिलावर लिहिलेलंच असतं. तरीही त्याने कर जोडला तर विचारा.

आता जरा आपल्या ताटाकडे येऊ. हा जिल्हा तांदळाचा. दुकानात पोत्यातून मोजून घेतलेल्या सुट्या तांदळावर जीएसटी नाही. तोच तांदूळ पाकिटात भरून, लेबल लावून ऑनलाइन आला, की १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर ५ टक्के. चारशेचं पाकीट चारशे वीसला. आपल्याच बांधीतला, आपल्याच मिलमध्ये भरडलेला तांदूळ मोबाइलवरून परत घरी आला, की वीस रुपये पाकिटाचे! जेवणाचंही तसंच. नोंदणी नसलेल्या छोट्या खानावळीत बसून जेवलात तर बिलावर कर नाही. त्याच खानावळीचं जेवण ॲपवरून मागवलंत, तर १ जानेवारी २०२२ पासून ५ टक्के कर ॲपवालाच घेतो आणि भरतो. वरच्या मंच-शुल्कावर १८ टक्के आणखी. म्हणून सवलतीचा लाल आकडा पाहू नका, शेवटची बेरीज पाहा.

सवलतीतही दोन जाती आहेत, पण आधी नवे दर पाहू. घटस्थापनेला, २२ सप्टेंबर २०२५ ला, दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. आंघोळीचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले आणि ३२ इंचांहून मोठा टीव्ही २८ वरून १८ वर. शिवलेल्या कपड्यांना नगामागे अडीच हजारांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८. थंडी पडली आहे, जॅकेटचंच उदाहरण घ्या. करापूर्वीची किंमत २,६०० असेल, तर करासह ३,०६८. विक्रेत्याने बिलातच १०० रुपये सोडले, की किंमत २,५०० आणि करासह २,६२५. त्याने सोडले शंभर, तुमचे वाचले ४४३! पण हीच सूट बँकेच्या कार्डावर मागाहून कॅशबॅक म्हणून मिळाली, तर कर पूर्ण किमतीवर लागून गेलेला असतो. विक्रेत्याने बिलात दिलेली सूट कर कमी करते. बँकेची सूट फक्त आपली जेब सांभाळते.

आता पत्त्याच्या नियमातली एक गंमत सांगतो, जी सीमेवरच्या माणसालाच कळेल. समजा सालेकसा तालुक्यातला एखादा बचत गट मोहफुलांचे लाडू करतो. पूर्वी ऑनलाइन मंचावर विकायचं तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी सक्तीची. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीशिवाय विकता येतं, पण राज्याच्या हद्दीतच. म्हणजे हे लाडू हजारेक किलोमीटरवरच्या मुंबईला बिनघोर जातील. दरेकशाचा बोगदा ओलांडून डोंगरगडला मात्र जाणार नाहीत, कारण ते छत्तीसगड! डोंगरगडच्या बमलाईदेवीच्या दर्शनाला आपण सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परततो. पण लाडवाच्या डब्याला नोंदणी लागते. अशा ठिकाणी नियमाने नकाशा जरा जवळून पाहायला हवा.

शेवटी कामाच्या दोन गोष्टी. बिलावर विक्रेत्याचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे: २७ महाराष्ट्र, २३ मध्य प्रदेश, २२ छत्तीसगड, २९ कर्नाटक. माल कुठून विकला गेला, ते लगेच कळतं. आणि फसवणूक झालीच तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. म्हणजे करासारखी तक्रारही आता तुमच्याच पत्त्यावर चालते.

काकूंना हे सगळं सांगून झालं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे यातले एकशे ऐंशी रुपये आपल्याच सरकारकडे गेले ना?” मी म्हटलं, हो. बंगळूरला गेले असते तर आपण कोणाला विचारणार होतो? आपलं मत तिथे चालत नाही.

त्यांनी बिलाची घडी केली आणि सातबारा व लाइट बिल ठेवतात त्या पिशवीत ठेवली. मी म्हटलं, “छान, वॉरंटीला कामी येईल.”

“वॉरंटीला तर येईलच,” काकू म्हणाल्या. “पण मत मागायला आले की त्यांनाही दाखवीन.”