पुनर्वसनाच्या कार्यांत परिचारिका

पक्षाघातानें उजवा हात लुळा पडलेले एक गृहस्थ सदऱ्याचें बटण लावूं पाहात आहेत. शेजारची परिचारिका तें क्षणांत लावूं शकेल. पण ती लावीत नाहीं. भेटीस आलेल्या आप्तांना हा निर्दयपणा वाटतो. वस्तुतः हेंच तिचें काम. आणि रुग्णासाठीं सारें आपल्या हातानें करण्याची जिला वर्षानुवर्षें संवय, तिला हें हात आवरणेंच सर्वांत अवघड जातें.

पुनर्वसन म्हटलें कीं लोकांना फिजिओथेरपिस्ट किंवा कृत्रिम पाय करणारे कारागीर आठवतात. परंतु त्यांचा रुग्णाशीं संबंध दिवसांतून थोडा वेळ. एरवीं तो परिचारिकेच्या हवालीं असतो. पूर्वीं पाठीचा कणा मोडलेला मनुष्य फार काळ जगत नसे. अंथरुणास खिळल्यानें पडणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गांतील जंतुदोष त्याचा बळी घेत. इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें १९४४ मध्यें डॉ. लुडविग गुटमन यांनीं दर दोन तासांनीं, भर रात्रींही, रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. नांव डॉक्टरांचें झालें. रात्रीं जागले ते परिचारिका आणि सेवक!

या कामाची ओढ असलेल्या परिचारिकेनें एक गैरसमज टाकून द्यावा. अनुभवाच्या बळावर फिजिओथेरपिस्ट होतां येत नाहीं. ती पदवी निराळी, आणि तिशी उलटल्यावर, संसार सांभाळून, तो खटाटोप थोड्याच जणींना झेपेल. परिचारिका राहूनही मार्ग आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचा अस्थिरोग व पुनर्वसन-परिचर्येचा पदविका-अभ्यासक्रम आहे. मुंबईस हाजीअली येथें १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन-संस्था आहे. खडकीस जायबंदी सैनिकांचें केंद्र आहे. वेलोरला १९६६ मध्यें पुनर्वसन-संस्था उभी राहिली, ती डॉ. मेरी व्हर्गीस यांच्या पुढाकारानें. अपघातांत त्यांचेच दोन्ही पाय निकामी झाले होते. मनोरुग्णालयें व व्यसनमुक्ति-केंद्रें यांतही हेंच शास्त्र लागतें. शिवाय, रुग्ण घरीं परतल्यावर त्याला उठवावें, बसवावें कसें, हें सुनेला किंवा मुलाला शिकविण्याचें काम आहेच. शहरांतून त्याची गरज मोठी, आणि तें नीट जाणणाऱ्या थोड्या.

नोकरी पत्करण्यापूर्वीं मात्र रात्रपाळीस किती रुग्णांमागें एक परिचारिका असते, तेवढें विचारून घ्यावें. पगाराची चौकशी त्यानंतर करावी.