वारशाचा अभ्यास आणि टपालाची शाळा

एखाद्या गांवच्या देवळामागें एक वीरगळ उभा असतो. खालच्या चौकटींत लढाई, कधीं पळवून नेलेल्या गाई. मधल्या चौकटींत वीराला स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशीं चंद्रसूर्य. शेजारून रोज जाणाऱ्यास तो शेंदूर लावलेला धोंडा वाटतो. आणि ज्याला तो वाचतां येतो, तो बहुधा शंभर कोसांवर विद्यापीठाच्या खोलींत बसलेला असतो. हें अंतर टपालानें तुटेल काय, हा प्रस्तुत भाषणाचा प्रश्न आहे.

घरीं बसून पदवी मिळविण्याची सोय नवी नव्हे. लंडन विद्यापीठानें १८५८ सालींच आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांस खुल्या केल्या. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ सालीं सनद मिळाली आणि त्याचे पाठ नभोवाणीवरून घरोघर गेले. दिल्ली विद्यापीठाचें पत्रद्वारा शिक्षण १९६२ सालचें, नाशिकचें मुक्त विद्यापीठ १९८९ सालचें. लेस्टरच्या विद्यापीठानें तर संग्रहालयशास्त्रही दूरस्थ मार्गानें शिकविलें. तरी वारशाच्या अभ्यासाविषयीं एक आक्षेप उरतोच: हा विषय हातानें शिकावयाचा आहे, तो पाकिटांतून कसा पोंचणार?

आक्षेप खोटा नव्हे. शिलालेखाचा ठसा घेण्याचेंच उदाहरण घ्यावें. दगड स्वच्छ करावयाचा, ओला कागद त्यावर पसरावयाचा, ब्रशानें ठोकून तो अक्षरांच्या खांचांत बसवावयाचा आणि थोडा सुकतांच शाईचा बोळा हलक्या हातानें टिपावयाचा. म्हणजे भोंवतीं काळें होऊन अक्षरें पांढरीं उमटतात. ‘थोडा’ सुकला म्हणजे किती, हें मात्र कोणत्याही पुस्तकांत छापतां येत नाहीं. तें जाणत्याच्या शेजारीं उभें राहूनच कळतें. म्हणून वर्षांतून कांहीं दिवस विद्यार्थ्यांना एकत्र बोलावलेंच पाहिजे. खर्चाच्या नांवाखालीं हे दिवस कापणाऱ्या संस्थेनें हा विषय हातींच घेऊं नये.

परंतु दुसरी बाजू अधिक वजनदार आहे. शहरांतला विद्यार्थी दगड पाहावयास सहलीनें जातो, तेंही बहुधा भर दुपारीं. उभ्या उन्हांत झिजलेलीं अक्षरें पुसल्यासारखीं दिसतात. ऊन तिरपें झालें कीं खांचांत सावली भरते आणि तींच अक्षरें वर येतात. गांवांतच राहणारा विद्यार्थी तेथें दहा वेळां जाऊं शकतो. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत गोवर्धन हें नांव आहे. मुक्त विद्यापीठ आज त्याच गोवर्धनाजवळ उभें आहे, ही मौजही तेथें राहणाऱ्यासच आधीं सुचावी.

२०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. अकरा महाराष्ट्रांतले, बारावा तामिळनाडूंतील जिंजी. साल्हेरच्या किंवा राजगडच्या पायथ्याच्या तरुणास शेती सोडून दोन वर्षें पुण्यास राहणें कसें परवडावें? मुलगी असेल तर घरचे पाठवीतही नाहींत. आणि जुन्या चुन्यांतला ढासळलेला चिरा सिमेंटनें लिंपला जातो, तेव्हां समोर असतात तीं हींच माणसें. सिमेंट आंतला ओलावा कोंडतें आणि शेवटीं शेजारच्या दगडाचेच कपचे काढतें. येथें चुनाच पाहिजे, असें त्या दिवशीं म्हणणारें कोणी तेथें नसेल, तर शहरांतील प्राध्यापकाचा निषेध सहा महिन्यांनीं पोंचून काय उपयोग?

खरी भीति निराळीच आहे. छापील पाठांत वीरगळाचें एक नमुनेदार वर्णन असतें. विद्यार्थी दगडाकडे न जातां तेंच उतरून पाठवितो आणि परीक्षक थकून गुण देतो. पन्नास गांवांतून एकच वीरगळ येतो! याला उपाय प्रश्नपत्रिकेंतच आहे. आपल्या गांवचा एक जुना दगड सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं पाहावा, प्रत्येक वेळीं काय दिसलें तें निराळें लिहावें, आणि त्याविषयीं गांवांतील सर्वांत वृद्ध बाई काय सांगते तेंही जोडावें. हें उत्तर शेजारच्या गांवाहून उतरून आणतां येत नाहीं.