धर्माचा रकाना

(नागसेनवन, छत्रपती संभाजीनगर येथील भाषण)



व्यक्तिस्वातंत्र्य हे आयुष्याचे ध्येय होऊ शकते काय, असा प्रश्न आपण मला घातला आहे. आधी भाकरी, मग स्वातंत्र्य. ही भरल्या पोटाची चैन आहे, असे पुष्कळ शहाणी माणसे म्हणतात. मी वकील. तत्त्वचर्चेपेक्षा खटल्याचे कागद मला अधिक कळतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बाबासाहेबांच्या मागोमाग बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले होतेच. परंतु राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशान्वये बौद्ध झालेला मनुष्य अनुसूचित जातीचा उरत नव्हता. केंद्राच्या सवलती गेल्या, राखीव मतदारसंघही गेला. एका हाताने स्वातंत्र्य द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याचे बिल पुढे करावयाचे, असा हा न्याय!

१९६२ साली नागपूरच्या एका राखीव जागेवरून डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. ते बौद्ध झाले आहेत, या हरकतीवर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६४ च्या त्या निकालाचे सार असे : जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे जो जाहीरपणे सांगतो, तो त्या नव्या धर्माचा. निवड टिकली नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल सरळ आहे, मी त्यास नावे ठेवीत नाही. पण त्यातून निघते काय, ते पाहा. श्रद्धा मनात दडवून ठेवणाऱ्यास तोशीस नाही. जो चारचौघांत बोलला, त्याने किंमत मोजावी. मनातल्या मनात तर वेठबिगारही स्वतंत्रच होता! त्याला कोण अडवीत होते?

मनास येईल तसे वागणे म्हणजे स्वातंत्र्य, असे मी म्हणत नाही. आपण कोण आहोत हे उघडपणे सांगता येणे, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो. अर्जातील धर्माच्या रकान्यात ज्या शेतमजुराने, गिरणीकामगाराने ‘बौद्ध’ असे लिहिले, त्याच्या घरी भाकरीचीच पंचाईत होती. ती चैन होती काय? मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी ज्यांनी त्या रकान्यात दुसरे काही लिहिले, त्यांनाही मी दोष देणार नाही. पेच त्यांनी निर्माण केला नव्हता.

महाराष्ट्र राज्याने पुढे आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचा आदेश मात्र १९९० साली बदलला. दीक्षेपासून चौतीस वर्षे! तेवढ्या अवधीत शाळेत गेलेला मुलगा नोकरीच्या वयोमर्यादेबाहेर जातो.

आणि आपले काम झाले म्हणून ते कागद गुंडाळून ठेवण्याची घाई आपण करू नये. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्या दलितांपुढे तो आदेश आजही उभा आहे. त्यांच्या बाजूने बोलताना आपल्यातलेच काहीजण कचरतात. वाटेकरी वाढतील, ही भीती. १९५६ नंतर आपल्याविषयीही असेच बोलले जात होते.

ज्यांच्या घरी त्या काळचे जातीचे दाखले, नामंजूर झालेले अर्ज असतील, त्यांनी ते सभेनंतर मला अवश्य दाखवावेत. मी येथे थांबणार आहे.