चित्रकार निवडताना

(चित्रकथा तयार करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



घरगुती हिंसाचाराच्या कायद्यावर चित्रकथा काढायचं आपण ठरवलंय. मजकूर होत आलाय, आता चित्रकार शोधायचाय. ‘हात चांगला हवा आणि पैसे कमी घ्यायला हवेत’ एवढंच आपण सहसा बघतो. माझं म्हणणं असं, की हाताच्या आधी नजर बघायची.

कायद्याचंच उदाहरण घेऊ. २००५ च्या या कायद्यानं मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचार मानलंय. पण चित्रकाराला ‘हिंसाचार’ म्हटलं की काय सुचतं? उगारलेला हात, आणि कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेली बाई. भित्तिपत्रकांवर आपण वर्षानुवर्षं हेच बघत आलोय. जिच्या अंगावर वळ नाहीत, पण जिची मजुरी नवरा काढून घेतो, तिला वाटणार, हे काही आपल्यासाठी नाही. मजकुरात चार प्रकार असतात आणि चित्रात एकच उरतो. जिला वाचायला जड जातं, ती तर आधी चित्रच वाचते.

म्हणून जुनी कामं जरूर बघा, पण तेवढ्यावर ठरवू नका. नमुन्याचं एक पान काढायला द्या, आणि त्याचेही पैसे द्या. प्रसंग असा द्या: आठवड्याची मजुरी घेऊन ती घरी येते, नवरा पैसे मागतो. पान आलं की बघा, बाई नुसती रडतेय, की तिच्या मनात काही चाललंय? हात राबणारीचे आहेत का? चांगली सून गोरी आणि दुष्ट सासू काळी, असं तर नाही? घर आपल्या वस्तीतलं आहे की सिनेमातलं?

मग ते पान वस्तीतल्या बैठकीत न्या. मजकूर झाकून विचारा, ‘इथं काय चाललंय?’ बायका सांगतील ते लिहून घ्या.

राजस्थानात १९८० च्या दशकात गावातल्या बायकांनी कार्यकर्त्यांबरोबर ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक केलं. आधीच्या चित्रांत नग्न शरीरं होती. गावात बाई अशी कधी दिसत नाही, असं बायकांनी सांगितलं. मग बाई तिच्या नेहमीच्या कपड्यांत काढली, आणि कपड्याची कागदी झडप उचलली की आतलं शरीर दिसेल अशी सोय केली. ते ‘काली फॉर विमेन’नं छापलं, आणि त्या ७५ जणी त्याच्या लेखिका ठरल्या. असं ऐकून घेऊन पुन्हा काढायला बसणारा चित्रकार आपल्याला हवा.

पण ऐकून घेणं दोन्हीकडून हवं. डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरचं ‘भीमायन’ २०११ साली आलं. त्याची चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. माणसांना चौकटीत कोंबायला त्यांनी नकार दिला. मायेच्या बोलण्याला त्यांनी पक्ष्याचा आकार दिला, जातीचं विष ओकणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी. आपण प्रत्येक चौकट आखून दिली, तर असं काही सुचायला जागाच राहणार नाही.

चित्रकार बाईच हवी का? आधी बाईलाच विचारू, कारण अशी कामं बायकांपर्यंत कमी पोचतात. पण पुरुषप्रधान नजर बाईच्या हातातही उतरते. म्हणून नमुन्याचं पान सगळ्यांनाच.

आणि शेवटी व्यवहार. ‘चळवळीचं काम आहे’ म्हणून फुकट मागू नका. बाईच्या कामाला मोल नाही, याविरुद्धच तर आपण बोलतो. किती पानं, किती वेळा दुरुस्ती, पैसे कधी, हे लेखी ठरवा. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नाही, तर कायद्यानं तो पाच वर्षांपुरताच धरला जातो. पुढच्या आवृत्तीला अडचण होईल. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर घाला.

पुढच्या बैठकीला तिघा-चौघांची पानं आणू या. आपल्याला कुठलं आवडलं ते नंतर बोलू. आधी ज्यांच्यासाठी पुस्तक आहे, त्या बायकांना निवडू दे.